किल्लेदाराची आगारी

माझ्या दोन्ही लेकरांनो,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तू कोणाच्या बाजूने? त्याच्या की त्याच्या विरुद्ध?" आणि मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच. मला उत्तर सुचलं नाही, आणि शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला एका गोष्टीच्या पुस्तकावरचं उत्तर सुचू नये, हे तुम्हाला फोनवर कळू द्यायचं नव्हतं. शिवाय तुम्ही म्हणालात की पाचवा भाग आला आहे आणि तुम्ही तो मला पाठवताय. आजोबा असते तर त्यांनी पोस्टमनची वाट बघत ओसरीवर खुर्ची टाकली असती. म्हणून आता लिहिते. मराठी अडलं तर बाबांना विचारा, पण आधी स्वतः वाचा.

पुस्तकं इथे कशी आली ते तुम्हाला आठवत असेल. मागे एकदा सुट्टीत रिठदला आलात तेव्हा बॅगेचं वजन जास्त भरलं आणि चारही जाडे भाग तुम्ही दिवाणावर ठेवून गेलात. मी त्यांना खाकी कव्हरं घातली, पाठीवर आकडे घातले आणि कपाटात लावून टाकली. वाचायचं मनात नव्हतं. जादू, परकोट, राखेतून चालत येणारी माणसं, हे माझ्या वयाचं वाचन नाही असं वाटायचं. पण त्याच पावसाळ्यात आजोबांच्या डोळ्यांतला काचबिंदू वाढला. पेपर दिसेनासा झाला, मग माणसं दिसेनाशी झाली. शेत बटाईने दिलेलं. दुपारची जेवणं झाली की ते भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. एकदा म्हणाले, "मास्तरीनबाई, नातवायचे थे ठोकळे पडले हायेत ना, वाच त्यातलं काही. मले समजन असं वाच."

मी वरच्या ओळीवर बोट ठेवून इंग्रजी वाचायची आणि तोंडाने वऱ्हाडीत सांगायची. चार-पाच पानं झाली की ते डुलकी घ्यायचे. खूण म्हणून ते तुरीच्या वाळक्या काडीचा, तुराटीचा, एक तुकडा पानात ठेवायला द्यायचे. मी त्यांना बुकमार्क दिला होता, रेशमी गोंड्याचा. तो म्हणे हाताला लागत नाही.

तुम्ही ज्याला इंग्रजी नावाने ओळखता, तो आमच्या घरात किल्लेदार झाला. परकोटाची किल्ली त्याच्या कमरेला, म्हणून किल्लेदार. आजोबांना पहिल्या भागात सगळ्यावर शंका. "ह्या शहराले चारी बाजूनं राख. मंग वावर कुठी हाये? खातेत काय थे?"

"तसं काही लिहिलं नाही."

"मंग अर्धवट हाये लिहिनारा."

राखेची माणसं परकोटापाशी आली तेव्हा मी आवाज बारीक करून वाचत होते, तर हे म्हणतात, "सोयाबीनवर फवारा मारतेत तसा मारा म्हना त्याह्यच्यावर."

पण किल्लेदार त्यांना आवडला. राखेत सापडलेल्या त्या अनाथ मुलीला तो आत घेतो, सारी सभा विरोधात असताना घेतो, आणि तिला वाऱ्याची भाषा शिकवतो, तिथे आजोबा ताठ बसले. "बरा मानूस हाये," म्हणाले. ते पान मलाही आवडलं. मला ते वाचताना दुसरंच कोणीतरी दिसत होतं, आणि त्यांनाही दिसत असणार.

मग तिसरा भाग. राख शहराकडे चाललेली, आणि किल्लेदाराच्या घरच्यांच्या गाड्या अजून बाहेर, वाटेत. तो बुरुजावर उभा राहून त्यांच्या मशाली बघतो आणि दरवाजा लावतो.

"लावला?" आजोबांनी विचारलं.

"लावला."

"घरचे बाहेर असताना?"

"आत सगळं शहर होतं. एका घरासाठी शहर जाळायचं का?"

"जरासा थांबला असता तं? त्याह्यच्या अंगावर राख होती का नव्हती, हे तरी पाह्यलं त्यानं?"

ते पुस्तकात सांगितलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिथेच तुमचं दोघांचंही भांडण होतं. नातू म्हणतो, तो खुनी आहे. नात म्हणते, त्याने हजारोंना वाचवलं. आमच्याकडे मी नातीच्या बाजूने होते आणि आजोबा नातवाच्या. मी त्यांना चांगलं शिक्षकी थाटात समजावलं, की पदावरच्या माणसाला स्वतःचं मन बाजूला ठेवावं लागतं. ते ऐकून घेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत, "काहून लावला असंन?"

आता मी तुम्हाला थोरल्यांबद्दल सांगते. थोरले म्हणजे आजोबांचे मोठे भाऊ. तुमच्या बाबांनी तुम्हाला त्यांचं फारसं सांगितलेलं नाही, कारण या घरात मी ते नाव घेऊ देत नव्हते.

सासरे लवकर वारले. आजोबांना थोरल्यांनीच वाढवलं. त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. मी लग्न होऊन आले तेव्हा मॅट्रिक होते आणि मला पुढे शिकायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, सून कॉलेजात जाईल तर भाकरी कोण थापील? थोरले तेव्हा बैल सोडत होते. ते तिथूनच म्हणाले, "मी थापीन." बस. रोज सकाळी ते मला छकड्यातून फाट्यावर सोडायचे, वाशिमची बस येईपर्यंत पाठ करून उभे राहायचे, कारण भासऱ्याने भावजयीकडे बघायचं नसतं. पारावर कोणी टोमणा मारला की म्हणायचे, "तुमच्या घरचं खाते का थे?" इंग्रजीची पहिली डिक्शनरी मला त्यांनी आणून दिली. ती जुनी होती, तिची पहिली काही पानं नव्हती, आणि त्यांना ते माहीत असणं शक्य नव्हतं. मी बी.ए. झाले, शिक्षिका झाले, ते या एका माणसामुळे.

त्यांना एकच मुलगी. आई तिच्या लहानपणीच, मी या घरात येण्याआधी गेली, म्हणून ती माझ्या हाताखाली वाढली. तुमच्या बाबांची मोठी बहीणच म्हणा, तुमची आत्या. मी तिला शिकवलं. ती माझ्यापेक्षा भराभर इंग्रजी वाचायची. कॉलेजात तिचं एका मुलाशी जुळलं. मुलगा चांगला होता, जात वेगळी होती. तिने लग्न केलं आणि दोघं जऊळक्याला स्टेशनजवळ खोली घेऊन राहिले.

थोरल्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी आंघोळ केली, आणि ओल्या धोतरात अंगणात कवेलू मांडलं.

आगारी तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून सांगते. पितरांच्या दिवशी आपल्याकडे कवेलूवर, म्हणजे छपराच्या कौलावर, गोवरीचा निखारा ठेवतात. ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा थोडा घास त्यावर टाकायचा, वरून तूप सोडायचं आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं. जाळ पेटला की ज्याचं त्याला पोचलं. मग हातात पाणी घेऊन भोवती फिरवायचं. हे फक्त मेलेल्या माणसासाठी करतात.

थोरल्यांनी तिचं नाव घेऊन आगारी टाकली. ती तेव्हा जऊळक्याच्या खोलीत स्टोव्हवर चहा करत असेल.

मी तिला भेटायला जायची. परीक्षेची ड्यूटी आहे म्हणून मंगरूळपीरला जायची आणि येताना वाट वाकडी करून जऊळक्याला उतरायची. ती प्रत्येक वेळी आधी घरच्या म्हशीची चौकशी करायची, मग आजोबांची, आणि शेवटी, भांडी उचलताना, "आबा कसे हायेत?" मी म्हणायची, बरे आहेत. बाळंतपणात तिला ताप आला. वाशिमला दवाखान्यात हलवलं. बाळ गेलं, मग ती गेली. शेवटच्या दिवशी तिने मला विचारलं, "आबा आले का वो?" मी म्हणाले, निघालेत. मला वाटलं होतं की ते निघाले नसतील.

त्या वर्षी पितरांच्या दिवशी मी थोरल्यांना म्हटलं, पोरीची आगारी टाका. ते म्हणाले, "टाकली ना एकदा." त्यांच्या लेखी ते काम होऊन गेलेलं होतं. जिवंत मुलीला वाढून झालं होतं, म्हणून मेलेल्या मुलीला घास मिळाला नाही. तिच्या नवऱ्याने गाव सोडलं, त्याचा पत्ता नाही. दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरच्या कवेलूवर तिचं नाव घेतलं जातं. आजोबा टाकायचे, मी शेजारी बसायची. काही वर्षांनी थोरले वारले. अग्नी आजोबांनीच दिला. घरी परत आल्यावर मी त्यांच्याकडून शब्द घेतला, की ज्या कवेलूवर पोरीचं नाव, त्यावर तिच्या बापाचं घ्यायचं नाही. आजोबांनी शब्द दिला आणि पाळला. त्यांना ते किती जड गेलं ते मी बघत होते. थोरले त्यांचे बापच होते. प्रत्येक पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, घासाची वाटी हातात घेऊन ते थोडा वेळ थांबायचे, मग वाटी खाली ठेवायचे. त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या हिशेबी त्यांचा भाऊ दरवर्षी दारात येऊन उपाशी परत जात होता.

हे सगळं आमच्या दोघांमध्ये असताना आम्ही चौथा भाग वाचायला घेतला.

चौथ्या भागाचा शेवट तुम्हाला पाठ असेल. किल्लेदार किल्ली त्या मुलीच्या हातात देतो, मोठ्या दरवाजातली लहान दिंडी उघडतो आणि हातात काही न घेता राखेत चालत जातो, आपल्या माणसांच्या हाडांकडे. त्याच्यामागे दिंडी लागते. पुस्तक संपतं. मी चष्मा काढून पुसत होते. आजोबा म्हणाले, "दादाबी गेला होता."

"कुठे?"

"वाशीमले. दवाखान्यात. पोरगी गेली त्या दिवशी. फाटकाबाहेर निंब हाये ना, तथी उभा होता सकाळपासून. मी पाह्यलं. म्हने, तिच्या काकूले सांगजो नको."

मी पुस्तक मिटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते घरातून हललेच नाहीत. "आणि?" मी विचारलं.

"आनखी काय. उभा होता."

"ती विचारत होती. आबा आले का, म्हणून विचारत होती. उभं राहायला पाय होते, आत यायला नव्हते?"

"येऊन तं राह्यला होता. नाई जमलं त्याले. राखेत गेला ना तुहा किल्लेदार? तसाच."

"किल्लेदार राखेच्या आत गेला. थोरले बाहेर राहिले."

आजोबांनी हात लांबवून मिटलेलं पुस्तक चाचपडलं. मग म्हणाले, "मास्तरीनबाई, सहा महिने तू मले समजावून राह्यली होती का किल्लेदाराचं बरोबर हाये म्हून. पुस्तकातल्याले माफी, अन् घरच्याले नाही?"

मी उठून चहा ठेवला. मला त्यांचा राग आला नव्हता. किल्लेदाराची बाजू घेणं मला सोपं गेलं, कारण त्याने बंद केलेल्या दाराबाहेर मी कधी गेले नव्हते, त्या गाड्यांमधल्या कोणाचीही वेणी मी घातली नव्हती. थोरल्यांच्या बंद दाराबाहेर मी स्टोव्हपाशी बसून चहा प्यायले होते. आणि त्यांनी उघडलेल्या दारातून मीच बाहेर पडले होते. दोन्ही दारं एकाच माणसाची. कोणतं धरावं आणि कोणतं सोडावं, हे मला आजही नीट ठरवता येत नाही.

काही दिवसांनी सर्वपित्री अमावस्या आली. कढी, उडदाचे वडे, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं झालं. आजोबांना दिसत नव्हतं म्हणून मी त्यांचा हात धरून निखाऱ्यापर्यंत नेत होते. सासूसासऱ्यांचं झालं, पोरीचं झालं. मग ते थांबले.

"एक आनखी टाकू का?"

मी म्हटलं, "शब्द आहे आपला."

"हाये. म्हून तं इचारून राह्यलो. एकाच निखाऱ्यावर बसतीन दोघं. भांडतीन तं भांडू दे."

"माझ्या हाताने नाही होणार."

त्यांनी मान हलवली. वाटीत घास तसाच होता. मग म्हणाले, "बरं. मंग किल्लेदाराची टाकू?"

मला हसू आलं. "अहो, तो पुस्तकातला माणूस आहे. मेला की नाही तेही लिहिलेलं नाही."

"तथी राखेत कोन वाढते त्याले? मागं कोनी राह्यलं नाही त्याच्या. आज ज्याचं कोनी नाही त्याची अमावस्या हाये."

ते चेष्टा करत नव्हते. मी त्यांचा हात धरला. त्यांनी घास टाकला, तूप सोडलं, आणि "किल्लेदार" म्हणाले. जाळ चांगला पेटला. त्यांना तो दिसला नाही, पण ऊब लागली असावी, कारण त्यांनी हात लगेच मागे घेतला नाही. शहाण्यासुरत्या दोन म्हाताऱ्यांनी एका कधीच नसलेल्या माणसाला जेवू घातलं, आणि ज्याने एकाला वाढवलं, दुसरीला शिकवलं, तो दारातच राहिला. आम्हा दोघांनाही हे कळत होतं. मी त्या दिवशी नाही म्हणाले त्याचा मला पस्तावा नाही. त्या दिवशी पोरगी जणू माझ्याजवळ होती, तिचं विचारणं माझ्या कानात होतं. पुन्हा तो दिवस आला तरी मी नाहीच म्हणेन.

माघात आजोबा गेले. तुम्ही आला होतात, त्यामुळे ते सांगत नाही. जाण्याआधी अधूनमधून ते विचारायचे, "पाचवा आला का?" मी म्हणायची, लिहून झाला नाही अजून. "लवकर लिही म्हना." एवढंच. थोरल्यांचं पुन्हा काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला पुन्हा नाही म्हणता आलं असतं.

आता परवाची अमावस्या. सगळा स्वयंपाक मी एकटीने केला. शेजारच्या वहिनी कढीपत्ता द्यायला आल्या आणि मला कवेलू मांडताना बघून थबकल्या.

"तुमी टाकता का काय बाई? बाया नाई टाकत आगारी."

"मग कोण टाकील? पोरगा तिकडे आहे."

"माह्या पोट्ट्याले पाठवू का?"

"त्याला नावं माहीत नाहीत."

त्या जरा उभ्या राहिल्या, मग पदर खोचून शेजारी बसल्या आणि फुंकर घालू लागल्या. म्हणाल्या, "धूर लय होऊन राह्यला. गोवरी ओली हाये तुमची."

मी आधी सासूसासऱ्यांचं घेतलं. मग पोरीचं. मग तुमच्या आजोबांचं, जे मी आयुष्यभर तोंडाने कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या नावाला जाळ पेटायला वेळ लागला. वाटीत घास उरला होता. आजोबा दरवर्षी थांबायचे तिथे मी थांबले. मला एवढंच वाटलं, की आता ते स्वतः पलीकडे आहेत, आणि इतक्या दिवसांत आपल्या भावाला भेटले असतील, आणि ते जेवतील आणि भाऊ बघत बसेल, हे त्यांना गिळणार नाही. माझ्या मनात थोरल्यांबद्दल काही बदललं नव्हतं. मी त्यांचं नाव घेतलं आणि घास टाकला.

वहिनी फुंकर घालायच्या थांबल्या. त्या गावातल्याच, त्यांना सगळं ठाऊक. "बाई," म्हणाल्या, "हे नाव तुमचे मालक असताना घेतलं असतं तं."

"असताना जमलं नाही."

त्यांनी पुन्हा फुंकर घातली. धुराने दोघींचे डोळे वाहत होते. शेवटी मी किल्लेदाराचंही टाकलं. वहिनींनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं, ह्यांच्या ओळखीचे होते.

तर तुमचं उत्तर. तो किल्लेदार माझ्या दारात आला तर मी त्याला आत घेईन. पाय धुवायला पाणी देईन, ताट वाढीन, पोटभर जेवू घालीन. त्याच्या शेजारी बसून जेवणार नाही. याला बाजू म्हणतात की नाही, ते तुम्ही ठरवा. तुमच्यातलं कोणी चुकलेलं नाही. फक्त एकमेकांशी बोलणं टाकू नका. गोष्टीवरून तर नकोच.

पाचवा भाग पाठवा. मी तो दुपारीच वाचीन, मोठ्याने, वऱ्हाडीत.

चारही पुस्तकं शाबूत आहेत, खाकी कव्हरांसकट. चौथ्याच्या शेवटच्या पानात तुराटीची काडी आहे. डिक्शनरी आहे, पहिली पानं नसलेली. कवेलू धुऊन, वाळवून चुलीमागे ठेवलं आहे, आणि त्यावर आता सगळ्यांची नावं घेतली जातात.